उत्तराचे अक्षर नको, संचांची जोडी छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या स्पर्धा परीक्षा पानावर ‘दिलेली माहिती पुरेशी आहे का’ या धर्तीचे, म्हणजे डेटा सफिशियन्सीचे प्रश्न सरावासाठी येतात आणि दुसऱ्या दिवशी पानाच्या तळाशी उत्तरांची अक्षरे छापली जातात. टक्केवारी किंवा काळ-काम-वेगाच्या गणिताला ही पद्धत चालून जाते, कारण उत्तर जुळले नाही तर विद्यार्थी आकडेमोड पुन्हा करून आपली चूक शोधू शकतो. या प्रकारात तसे होत नाही. इथे उत्तर ‘क’ आहे हे कळले तरी आपण ‘अ’ का निवडले होते आणि ते का चुकले, याचा काहीच उलगडा होत नाही. म्हणून ही सूचना करत आहोत, आणि ती नीट पटावी यासाठी संख्यासंचाच्या विस्ताराची, म्हणजे रेंजची, उदाहरणे घेत आहोत. या प्रकारातले बहुतेक सापळे त्या एका विषयात सापडतात.

आधी हे प्रश्न कुठे येतात ते सांगतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, ज्याला सगळे सीसॅट म्हणतात, २०११ पासून आहे. त्याच्या अभ्यासक्रमात दहावीच्या पातळीच्या अंकगणिताबरोबर डेटा सफिशियन्सीचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि राज्य लोकसेवा आयोगाच्या दुसऱ्या पेपरच्या अभ्यासक्रमातही तो आहे. सीसॅटमध्ये ८० प्रश्नांना दोन तास मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. परदेशी व्यवस्थापन शिक्षणासाठी दिल्या जाणाऱ्या जीमॅटने नोव्हेंबर २०२३ पासूनच्या नव्या स्वरूपात हे प्रश्न गणिताच्या विभागातून काढून ‘डेटा इनसाइट्स’ विभागात नेले. तिथे ४५ मिनिटांत २० प्रश्न असतात आणि पडद्यावर कॅल्क्युलेटरही मिळतो. तो मिळूनही या प्रश्नांची अवघडाई कमी होत नाही, कारण अडचण आकडेमोडीची नसतेच.

प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. एक प्रश्न आणि खाली दोन विधाने. उत्तर काढायचे नसते. फक्त पहिल्या विधानाने ते निघते का, फक्त दुसऱ्याने निघते का, प्रत्येकाने एकट्याने निघते का, दोन्ही मिळूनच निघते का, की दोन्ही मिळूनही निघत नाही, एवढेच ठरवायचे असते. जीमॅटमध्ये याचे पाच पर्याय असतात. सीसॅटच्या अलीकडच्या अनेक प्रश्नांत चार पर्याय दिसतात, कारण ‘फक्त पहिले पुरेसे’ आणि ‘फक्त दुसरे पुरेसे’ हे दोन्ही ‘एकच विधान पुरेसे, दुसरे एकटे नाही’ या एका पर्यायात घातलेले असतात. एका परीक्षेची तयारी करून दुसरीला बसणाऱ्याने अक्षरे पाठ करून जाऊ नये, ती जागेवर वाचावीत.

आता मुख्य मुद्दा. ‘पुरेसे नाही’ हे सिद्ध करायला दोन उदाहरणे लागतात आणि तेवढी पुरतात: विधान दोन्ही उदाहरणांत खरे, पण प्रश्नाचे उत्तर वेगवेगळे. ‘पुरेसे आहे’ हे मात्र उदाहरणांनी कधीच सिद्ध होत नाही. पाच संच करून पाहिले आणि पाचही वेळा एकच उत्तर आले, तरी सहावा संच ते मोडू शकतो. तिथे कारणच द्यावे लागते. दोन्ही बाजूंचे हे काम वेगळे आहे आणि नेमके हेच शिकवले जात नाही. ‘दोन अज्ञाते असतील तर दोन समीकरणे हवीत’ असा ठोकताळा देऊन वेळ मारून नेली जाते. विस्ताराच्या प्रश्नांत हा ठोकताळा हमखास फसतो.

विस्तार म्हणजे संचातील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान संख्येतील फरक. म्हणजे फक्त दोन टोकांचा प्रश्न. पण विधाने बहुधा टोकांबद्दल बोलत नाहीत. ती सरासरी, मध्यक (संख्या क्रमाने लावल्यावर मधली संख्या, किंवा मधल्या दोन संख्यांची सरासरी), संख्यांची मोजदाद, सम-विषम असे काहीतरी सांगतात. विद्यार्थ्याने प्रत्येक विधानाला एकच गोष्ट विचारायची: हे मान्य केल्यावर मला एखादे टोक हलवता येते का? हलवले आणि विधान तरीही खरे राहिले, की तिथल्या तिथे दोन संच हाती आले. हलवता येत नसेल, तर कशामुळे अडले ते शब्दांत सांगता आले पाहिजे. आणि संपूर्ण संच उचलून पुढेमागे सरकवला तर विस्तार बदलत नाही, हेही ध्यानात ठेवावे. एकही संख्या माहीत नसताना विस्तार ठामपणे सांगता येतो तो त्यामुळेच.

एक प्रश्न सविस्तर पाहू. पाच वेगवेगळ्या धन पूर्णांक संख्यांची सरासरी ६ आहे. त्यांचा विस्तार किती? पहिले विधान: सर्वांत मोठी संख्या २० आहे. दुसरे विधान: सर्वांत लहान संख्या १ आहे.

‘विस्ताराला मोठी आणि लहान अशा दोन्ही संख्या हव्यात, म्हणून दोन्ही विधाने मिळून’ असे उत्तर घाईत निवडले जाते. ते चूक आहे. पाच संख्यांची बेरीज ३०. सर्वांत मोठी २०, तर उरलेल्या चारांची बेरीज १०. चार वेगवेगळ्या धन पूर्णांकांची कमीत कमी बेरीज १ + २ + ३ + ४, म्हणजे बरोबर १०. हलायला जागाच उरली नाही. लहान संख्या १ हीच, विस्तार १९. पहिले विधान एकटे पुरेसे. दुसरे विधान मात्र वरचे टोक मोकळे सोडते: १, २, ३, ४, २० घ्या, विस्तार १९; मग १, ५, ७, ८, ९ घ्या, बेरीज ३०च, पण विस्तार ८. म्हणून उत्तर ‘फक्त पहिले पुरेसे’.

या प्रश्नातून ‘वेगवेगळ्या’ हा शब्द काढून पाहा. आता उरलेल्या चार संख्या १, १, १, ७ असू शकतात किंवा २, २, ३, ३. पहिल्या संचाचा विस्तार १९, दुसऱ्याचा १८. पहिले विधान एकटे पुरेनासे झाले आणि उत्तर ‘दोन्ही मिळून’ झाले. ‘वेगवेगळ्या’ ठेवून ‘पूर्णांक’ काढला तरी तेच होते, कारण ०.५, २, ३, ४.५ यांची बेरीजही १० आहे. ‘धन’ काढला तर २, ३, ६ आणि उणे १ चालतात. तीन साधे शब्द आणि त्यातला कोणताही एक गेला की उत्तर बदलते. सरावाचे प्रश्न तयार करताना नेमके असे शब्द गळतात आणि उत्तर मात्र मूळ प्रश्नाचे राहते. मग जो नीट विचार करतो त्याचेच ‘चुकते’. अशा दोन-तीन प्रश्नांनंतर तो आपल्या विचारावरचा विश्वास गमावतो, आणि हे नुकसान एका गुणापेक्षा फार मोठे आहे.

दुसरा सापळा प्रश्नाच्या स्वरूपाचा. ‘किती?’ विचारणारा प्रश्न आणि ‘हो की नाही?’ विचारणारा प्रश्न यांच्यासाठी एकाच माहितीचा निकाल वेगळा लागू शकतो. प या संचाचा विस्तार १० आणि फ या संचाचा १५ आहे असे समजा. दोन्ही संच एकत्र केले. पहिले विधान: प मधली सर्वांत मोठी संख्या फ मधल्या सर्वांत मोठ्या संख्येपेक्षा मोठी आहे. दुसरे विधान: प मधली सर्वांत लहान संख्या फ मधल्या सर्वांत लहान संख्येपेक्षा मोठी आहे.

प्रश्न असा असेल की एकत्र संचाचा विस्तार १५ पेक्षा जास्त आहे का, तर पहिले विधान पुरेसे आहे. फ ची दोन्ही टोके एकत्र संचात आहेतच, त्यामुळे विस्तार १५ च्या खाली जाऊच शकत नाही, आणि वरचे टोक आता फ च्या टोकाच्याही पुढे गेले आहे. उत्तर ठाम ‘हो’. दुसरे विधान पुरेसे नाही. फ हा ० ते १५ असा धरा. प जर २ ते १२ असेल तर विस्तार १५च राहतो, ‘नाही’. प जर १० ते २० असेल तर तो २० होतो, ‘हो’.

आता त्याच दोन विधानांवर प्रश्न असा की एकत्र संचाचा विस्तार किती? फ तोच ० ते १५. प आधी ८ ते १८ घ्या, मग १० ते २० घ्या. दोन्ही वेळा दोन्ही विधाने खरी आहेत, पण विस्तार एकदा १८ आणि एकदा २०. म्हणजे दोन्ही विधाने मिळूनही अपुरी. विधानांतला एक शब्दही बदललेला नाही आणि निकाल पार उलटला. आणखी एक गोष्ट इथे नजरेत भरावी: ठाम ‘नाही’ हेसुद्धा पुरेसे उत्तर असते. उत्तर ‘नाही’ असे आले, म्हणून माहिती अपुरी, अशी गल्लत फार होते. अपुरी माहिती म्हणजे कधी हो आणि कधी नाही.

अज्ञात संख्या संचात असेल तर तिसरी भानगड उभी राहते. ३, ७, ११, १५ आणि क्ष या पाच संख्यांचा विस्तार २० आहे, क्ष किती? पटकन २३ लिहिले जाते. क्ष खालचे टोकही होऊ शकतो, म्हणून उणे ५ ही तितकेच खरे. आता ‘मध्यक ११ आहे’ असे विधान दिले तर ते पुरेसे, कारण क्ष उणे ५ असता तर मध्यक ७ वर आला असता. ‘क्ष विषम आहे’ हे विधान निरुपयोगी, दोन्ही किमती विषमच आहेत. याच संचाचा विस्तार १२ दिला असता तर? चार ज्ञात संख्यांचा विस्तारच १२ आहे, म्हणजे क्ष ३ ते १५ मध्ये कुठेही बसतो आणि विस्ताराची माहिती त्याला कुठेच खिळवत नाही. १२ पेक्षा कमी दिला असेल तर प्रश्नच चुकीचा छापला आहे. दिलेला विस्तार ज्ञात संख्यांच्या विस्ताराशी आधी ताडून पाहायला काही सेकंद लागतात. ती सवय लावलीच पाहिजे.

काही गोष्टी थोडक्यात. क्रमवार पूर्णांकांचा विस्तार त्यांच्या संख्येपेक्षा एकने कमी असतो, म्हणून ‘असे ७ पूर्णांक आहेत’ एवढे पुरेसे आणि ‘त्यांची सरासरी १० आहे’ हे अपुरे (९, १०, ११ आणि ८ ते १२). प्रत्येक संख्येला क ने गुणून विस्तार ३० झाला आणि मूळ विस्तार विचारला, तर ‘क चा वर्ग ९ आहे’ हे विधान पुरेसे आहे: क ३ असो वा उणे ३, मूळ विस्तार १०च. सरासरीबद्दल हाच प्रश्न असता तर चिन्ह आड आले असते. वेगवेगळ्या मूळ (प्राइम) संख्यांच्या संचाचा विस्तार १५ म्हटले की दोन्ही टोके कळली, २ आणि १७, कारण फरक विषम यायला एक टोक सम हवे आणि सम मूळ संख्या एकच आहे. विस्तार १६ म्हटले तर ३ आणि १९, ७ आणि २३, १३ आणि २९ अशा कितीतरी जोड्या निघतात.

प्रमाण विचलनाशी, म्हणजे संख्या सरासरीपासून किती विखुरल्या आहेत याच्या मापाशी, विस्ताराची सांगड घालणारे प्रश्न मात्र घाईने सोडवण्यासारखे नाहीत. विस्तार १० असलेला ०, ५, ५, १० हा संच घेतला तर प्रमाण विचलन सुमारे ३.५४ येते, आणि ०, ०, १०, १० घेतला तर ५ येते. म्हणून ‘प्रमाण विचलन ४ पेक्षा कमी आहे का?’ या प्रश्नाला ‘विस्तार १० आहे’ हे विधान अपुरे. यावरून ‘विस्तारावरून प्रमाण विचलनाबद्दल काहीच सांगता येत नाही’ असा नियम काही टिपणांत दिलेला असतो. तो खरा नाही. टोकांच्या बरोबर मध्यापासून कोणतीही संख्या ५ पेक्षा दूर असू शकत नाही, आणि अंतरांच्या वर्गांची बेरीज सरासरीपासून मोजली की सर्वांत कमी येते, म्हणून प्रमाण विचलन ५ च्या वर जात नाही. ‘ते ६ पेक्षा कमी आहे का?’ असे विचारले तर तेच विधान पुरेसे ठरते. हे एकूण संख्येने भागून काढलेल्या विचलनाबद्दल खरे आहे. नमुन्यासाठी एकने कमी संख्येने भागतात, तेव्हा ० आणि १० या दोनच संख्यांचे विचलन ७.०७ येते. म्हणून प्रश्नात कोणते विचलन अभिप्रेत आहे तेही छापावे.

पद्धतीबद्दल आणखी दोन सूचना, कारण बरीच उत्तरे चुकतात ती इथे. दुसरे विधान तपासताना पहिले डोक्यातून पुसून टाकावे लागते. ते राहून जाते आणि ‘दोन्ही मिळून’ असलेले उत्तर ‘फक्त दुसरे पुरेसे’ असे नोंदवले जाते. कच्च्या कागदावर दोन रकाने पाडून, दुसरे विधान तपासताना पहिला रकाना हाताने झाकणे हा साधा उपाय आहे. दुसरे असे की, व्यवस्थित रचलेल्या प्रश्नात दोन विधाने एकमेकांना खोटे पाडत नाहीत. पहिल्यावरून विस्तार १२ आला आणि दुसऱ्यावरून १४, तर कुठेतरी आपली चूक आहे, नाहीतर प्रश्नाची. ही तपासणी फुकट मिळते, ती सोडू नये.

उदाहरणे शोधतानाही अंदाधुंद आकडे घेऊन भागत नाही. पहिला संच शक्य तितका साधा घ्यावा आणि दुसरा मुद्दाम त्याला विरोध करणारा. सगळ्या संख्या सारख्या धरून पाहा (विस्तार शून्य), एक टोक लांब ओढून पाहा, शून्य आणि ऋण संख्या घेऊन पाहा, ‘पूर्णांक’ म्हटलेले नसेल तर अपूर्णांक घेऊन पाहा. मनात बसलेल्या उत्तराला पुष्टी देणारे संच कितीही जमवले तरी हाती काही लागत नाही.

म्हणून विनंती अशी की, पानावर दहा प्रश्न आणि दहा अक्षरे देण्याऐवजी तीनच प्रश्न द्यावेत. अपुऱ्या ठरलेल्या प्रत्येक विधानापुढे त्याला मोडणारे दोन संच छापावेत आणि पुरेशा ठरलेल्या विधानापुढे एक-दोन ओळींचे कारण. जागा किती लागते ते दिसावे म्हणून एक प्रश्न त्याच स्वरूपात देत आहोत.

प्रश्न: चार वेगवेगळ्या धन पूर्णांक संख्यांचा विस्तार ३ आहे का? विधान १: त्यांची सरासरी आणि मध्यक समान आहेत. विधान २: सर्वांत मोठी संख्या मध्यकापेक्षा १.५ ने जास्त आहे.

विधान १ अपुरे: १, २, ३, ४ (हो) आणि १, २, ४, ५ (नाही, विस्तार ४). विधान २ अपुरे: १, २, ३, ४ (हो) आणि १, ५, ६, ७ (नाही, विस्तार ६). दोन्ही मिळून पुरेशी: विधान २ मुळे मधल्या दोन संख्यांची बेरीज मोठ्या संख्येच्या दुपटीपेक्षा ३ ने कमी होते. विधान १ मुळे दोन टोकांची बेरीज मधल्या दोघांच्या बेरजेएवढी होते. म्हणून लहान संख्या मोठीपेक्षा ३ ने कमी. उत्तर: दोन्ही मिळून, आणि विस्तार ३ आहे.

आपले,
स्पर्धा परीक्षांचे गणित शिकवणारे काही शिक्षक,
कोल्हापूर